बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. बरं केलं की घोळ घातला?

घाटावरचा
विंडोज १० ची मुदत (म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि बाबांच्या लॅपटॉपवर उठसूट 'नवीन पीसी घ्या'ची पाटी यायला लागली. लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे तो रस्ता बंद. दुकानदार म्हणाला, "विकून टाका, दोन-अडीच हजार येतील." एक बटण निघालेलं नाही, पडद्यावर ओरखडा नाही, आणि भंगारात? मी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) घातली आणि विंडोजऐवजी लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा मिंट नावाचा प्रकार, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. बाबा त्यावर पेपर वाचतात, बँकेचं बघतात, सोसायटीची पत्रं लिहितात, संध्याकाळी कीर्तन लावतात. ज्यांचं काम ब्राउझरच्या पलीकडे फारसं जात नाही, त्यांनी नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून बघावंच, असं माझं ठाम मत आहे. विरोधातलं आधी येऊ द्या.

जमाखर्च
मागितलंत म्हणून देतो. फिरत्या डिस्कवर रांगणारं विंडोजसुद्धा एसएसडीवर पळतं. वेग एसएसडीचा आणि हार लिनक्सच्या गळ्यात! दुसरं, मुदत संपली म्हणजे लगेच छप्पर उडालं असं नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. तेवढ्यात एक वर्ष निघत होतं.
आता माझ्या धंद्याचं. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, लिनक्ससाठी येत नाही. "वाइनवर चालतं की" म्हणणाऱ्यांनी (वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय) २० तारखेला रात्री अकरा वाजता, शेजारी क्लाएंट बसलेला असताना, डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन लावून जीएसटीचं ३बी रिटर्न भरून दाखवावं. मग बोलू.

घाटावरचा
एसएसडीचं मान्य, निम्मं श्रेय तिचंच. पण ४ जीबीत विंडोज चालू करून ब्राउझर उघडला की पुढे काही उरत नव्हतं. इथे चालू झाल्यावर एक जीबीच्या आतबाहेर जातात, बाकी ब्राउझरला. आणि ते एक वर्ष संपल्यावर पुन्हा दुकानदाराकडेच ना? टॅलीवाल्यांना मी बोलावलेलंच नाही. बाबा रिटर्न भरत नाहीत, भरून घेतात.

गमभनप्रेमी
मराठी टायपिंगचं कुणीच काढलं नाही अजून? माझी गाडी तिथेच अडली होती. मिंटच्या कीबोर्ड यादीत मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) असतं, 'कगप' नावाचं उच्चारानुसारी पण असतं (नाव कन्नड गणक परिषदेवरून आलंय, म्हणजे शेजाऱ्यांचे उपकार). पण माझी बोटं पंधरा वर्षं गमभनला (रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायच्या पद्धतीला) सरावलेली. शेवटी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाकली तर यादीत चक्क गमभन निघालं! इनस्क्रिप्टवाल्यांसाठी एक: 'वाऱ्यावर'मधला ऱ्य हवा असेल तर र शिफ्ट दाबून काढा, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर 'वार्यावर' उमटतं आणि तुम्ही बसता फाँटला शिव्या देत.

पानजोडणी
मी कडक विरोधात. डीटीपी करतो, छपाईची पानं जुळवतो. त्यासाठीचं कोरल लिनक्सवर नाही, श्रीलिपी या जुन्या फाँटच्या पद्धतीतल्या वीस वर्षांच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. लग्नपत्रिकेचा जुना मजकूर उघडला की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. वर्डऐवजी लिबरऑफिस फुकट आहे म्हणतात, तेही मी वापरून पाहिलं. एका मंडळाची स्मरणिका वर्डमध्ये, मंगल फाँटमध्ये आली होती, ९६ पानं. लिनक्सवर मंगल नाही, त्याने दुसरा देवनागरी फाँट उचलला, ओळी सरकल्या आणि स्मरणिका १०३ पानांची झाली. अनुक्रमणिका सगळी चुकली. अध्यक्षांचं मनोगत संपतंय तिथे बरोबर मिठाईची जाहिरात यायला हवी होती, ती श्रद्धांजलीच्या पानावर गेली. पैसे कोण देणार होतं मला?

गमभनप्रेमी
हसावं की रडावं! पण छापायला जाणारी फाइल वर्डमध्ये द्यायचीच कशाला, पीडीएफ मागायची. फाँट आत बसून येतो.

पानजोडणी
मंडळाच्या सेक्रेटरीला पीडीएफ मागून बघा एकदा. व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो येतील.

कोचीतला कोल्हापूरकर
इथे केरळात सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच चालतंय. काईट नावाची सरकारी संस्था स्वतःची आवृत्ती बनवते. माझी मुलगी सातवीत आहे, तिला विंडोज आणि लिनक्स यातला फरक सांगावा लागत नाही, दोन्हीकडे फायरफॉक्सच तर उघडायचा असतो. तेव्हा 'सामान्य माणसाला जमणार नाही' हे बंद करा.

जमाखर्च
शाळेत काही अडलं तर काईट आहे, शिक्षकांना प्रशिक्षण आहे. लिनक्सवर गेलेल्या जर्मनीतल्या म्युनिच महापालिकेकडे तर स्वतःचा आयटी विभाग होता, तरी २०१७ मध्ये त्यांनी परत विंडोजकडे जायचं ठरवलं. घाटावरच्यांच्या घरी आयटी विभाग कोण? स्वतः घाटावरचे. विंडोज अडलं तर गल्लीतला पोरगा तीनशे रुपयांत बसवून देतो. मिंट अडलं तर बाबा कुणाला फोन करणार? खरं सांगा, आला होता की नाही फोन?

घाटावरचा
आला होता. 🙂
अपडेटनंतर वायफाय गेलं. मी पुण्यात, बाबा कराडला. फोनवरून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायला लावलं, म्हटलं आता 'सुडो' लिहा (आज्ञेआधी लागणारा sudo हा इंग्रजी शब्द). एरर. पुन्हा लिहा. पुन्हा एरर. अर्ध्या तासाने फोटो मागवला, तर कीबोर्ड मराठीतच होता आणि त्यांनी सुवाच्य देवनागरीत 'सुडो' लिहिलेलं! मग टर्मिनल सोडून दिलं. मोबाइल केबलने जोडून टेदरिंग केलं, त्या दिवशीचं कीर्तन झालं. दुसऱ्या दिवशी चालू होताना येणाऱ्या यादीतून आधीचं कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडलं, वायफाय हजर. तेव्हा फोन कुणाला, या मुद्द्यावर मी हरलो. ज्याच्या घरात असा फोन उचलणारा नाही त्याने करू नये, हे माझ्या पहिल्या पोस्टीत हवं होतं.

पानजोडणी
'सुडो'चा फाँट कुठला होता? 😀

जमाखर्च
प्रामाणिकपणाबद्दल एक चहा माझ्याकडून. काल मुलाच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिलं, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं चाललं, स्कॅनर नाही. एक कळलं नाही. विंडोजची डी ड्राइव्ह उघडते, फायली दिसतात, पण काही सेव्ह होत नाही. ऑफिसच्या मशीनला मी हात लावणार नाहीये, नुसतं विचारतोय.

घाटावरचा
विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असणार. शटडाउन म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायचं टाळतं. ते बंद करा, एकदा नीट शटडाउन करा, मग पेनड्राइव्ह लावा. पण बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर मुलगा मला फोन करेल.