मदत हवी आहे : पुराच्या लेखात अनुप्रास ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी, मी सांगलीची. 2019 च्या महापुरावर लेख लिहितेय. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि आमच्या घरात जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर आई डब्यातला आंबलेला गहू ओंजळीनं बाहेर काढत होती. मला तेच लिहायचंय.

पहिलं वाक्य असं झालंय : 'काळ्या काठावर कृष्णा काळोखासारखी कोसळली.' मोठ्यानं वाचलं की ठेका लागतो, पण पाच 'क' ऐकू येतात, पाणी ऐकूच येत नाही. खरं तर पाणी चढताना आवाज नव्हताच. मग 'स', 'ल'सारखे मऊ वर्ण घ्यावेत का? 'लपलप' असा नादानुकारी शब्द घातला, तर बालगीतासारखं वाटेल अशी भीती वाटते.

मोरोपंतांनी निरोष्ठ रामायणात ओठ मिटणारे 'प', 'ब', 'म' असे वर्ण टाळले. गद्यात असे काही वर्ण टाळून शांतता आणता येते का? कुणी करून पाहिलंय? वाक्य बदलून दाखवलंत तर फार उपकार होतील. शनिवारी लेख द्यायचाय.