मदत हवी आहे: कमांड प्रॉम्प्टमध्ये स्टार वापरल्यावर नको त्या फायलीही निवडल्या जातात

नमस्कार.

विंडोजमधील फायलींची कामे माउसऐवजी कमांड प्रॉम्प्टमध्ये आज्ञा लिहून करण्याचा सराव मी सध्या करत आहे. यादी पाहण्यासाठी 'डिर', फोल्डर बदलण्यासाठी 'सीडी', त्याखेरीज 'कॉपी', 'मूव्ह' आणि नाव बदलण्यासाठीची 'रेन' या आज्ञा आता अंगवळणी पडल्या आहेत. नावात मोकळी जागा असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे लागते आणि दुसऱ्या ड्राइव्हवरील फोल्डरमध्ये जाताना 'सीडी'ला '/डी' जोडावे लागते, हेही समजले आहे. अडचण येते ती एकाच आज्ञेने पुष्कळ फायली हाताळताना.

जतन केलेल्या जुन्या वेबपानांचे एक मोठे फोल्डर माझ्याकडे आहे. त्यातील काही फायलींचे एक्स्टेन्शन (नावातील शेवटच्या टिंबापासूनचा भाग) '.एचटीएम' आहे, तर काहींचे '.एचटीएमएल'. पहिल्या प्रकारच्या फायली म्हणजे कच्च्या प्रती असल्याने त्या काढून टाकायच्या आहेत. दुसऱ्या प्रकारची मात्र एकही फाइल गमावून चालणार नाही, कारण त्यांतील बरीच पाने आता मूळ ठिकाणी उरलेली नाहीत. 'डेल' ही आज्ञा फाइल रीसायकल बिनमध्ये न पाठवता थेट पुसते, म्हणून आधी 'डिर *.एचटीएम' असा नमुना लिहून पाहिला (स्टार, म्हणजे * हे चिन्ह, कोणत्याही अक्षरांसाठी चालते), तर यादीत '.एचटीएमएल'च्या फायलीही आल्या. 'डेल'ला '/पी' जोडले तर प्रत्येक फाइलसाठी विचारणा होते हे खरे, परंतु फायली शेकड्यांनी असताना एकेकीला होय-नाही म्हणत गेल्यास नजरचूक होण्याचीच भीती अधिक वाटते.

नमुन्यात शेवटचा 'एल' नसतानाही त्या फायली का निवडल्या जातात, आणि केवळ '.एचटीएम'च्या फायली पुसण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद:

पुसण्याआधी तोच नमुना 'डिर'ला देऊन पाहण्याची आपली पद्धत अतिशय योग्य आहे आणि ती कधीही सोडू नये. 'डेल'नेही नेमक्या त्याच फायली पुसल्या असत्या.

याचे कारण जुने आहे. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये फाइलच्या नावाला जास्तीत जास्त ८ आणि एक्स्टेन्शनला ३ अक्षरांची मर्यादा होती. पुढे लांब नावे आली, तरी जुन्या प्रोग्रॅमना फायली उघडता याव्यात म्हणून विंडोज अनेक ड्राइव्हवर लांब नावासोबत एक आखूड नावही तयार करून ठेवते, आणि त्या आखूड नावात एक्स्टेन्शनची पहिली तीनच अक्षरे राहतात. कमांड प्रॉम्प्ट आपला नमुना दोन्ही नावांशी ताडून पाहतो, त्यामुळे '.एचटीएमएल'ची फाइल आपल्या आखूड नावामुळे यादीत शिरते. 'डिर /एक्स' लिहिल्यास ही आखूड नावे समोर दिसतील.

उपाय मात्र सोपा आहे, कारण उलट दिशेने हा घोटाळा होत नाही: '*.एचटीएमएल' या नमुन्यात '.एचटीएम'ची फाइल सापडत नाही. म्हणून पुसण्यापासून सुरुवात न करता, जे जपायचे आहे ते आधी बाजूला काढावे. 'एमडी'ने एक नवे फोल्डर तयार करावे, 'मूव्ह *.एचटीएमएल' लिहून पुढे त्या फोल्डरचे नाव द्यावे आणि मग 'डिर *.एचटीएम'ची यादी पुन्हा नीट वाचावी. त्यात केवळ कच्च्या प्रती उरल्या आहेत असे दिसल्यावरच 'डेल' चालवावे. नवे फोल्डर याच फोल्डरच्या आत असेल, तर 'डेल'ला '/एस' मुळीच जोडू नये. त्याने आतल्या फोल्डरांतील फायलीही पुसल्या जातात.

पॉवरशेलची (विंडोजमधील आज्ञा लिहिण्याच्या दुसऱ्या साधनाची) ओळख असल्यास तेथील पुसण्याच्या 'रिमूव्ह-आयटम' या आज्ञेला '-व्हॉटइफ' जोडावे, म्हणजे प्रत्यक्षात काहीही न पुसता कोणत्या फायली पुसल्या गेल्या असत्या एवढेच पडद्यावर दाखवले जाते.