तुमच्या मनातला फोन कसा असावा? अनुभवासकट लिहा

कृष्णाकाठ
कोयनेत पाऊस वाढलाय म्हटल्यावर कालपासून सांगलीत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर "आयर्विन पुलाला पाणी किती फूट?" सुरू झालं, आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यासमोर आला. ४५ फुटांना धोका पातळी, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलेलं. आम्ही गावभागात वरच्या मजल्यावर. लाइट बंद, मग रेंजही गेली. समोरच्या गच्चीवरच्या काकूंचं इन्सुलिन संपत आलेलं आणि त्यांचा मुलगा तिकडं पुण्यात फोन लावून लावून रडकुंडीला. दोन्ही घरांत मिळून सहा फोन, सगळे निरुपयोगी. शेवटी धाकटीच्या पाटीवर खडूनं "इन्सुलिन" एवढंच मोठ्या अक्षरात लिहून बोटीवाल्या पोरांना दाखवलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत आणून दिलं.

तेव्हापासून एकच वाटतं. टॉवर नसला तरी या गच्चीवरून त्या गच्चीवर बोलता येईल असा फोन पाहिजे. आणि बॅटरी काढून दुसरी घालता आली पाहिजे. तुम्हाला काय हवंय ते लिहा, कॅमेरा सोडून.

बामणोलीकर
आमच्याकडं पूर नसतानाही हेच. शिवसागर जलाशयाच्या पलीकडं लाँचनं जायचं, आणि रेंज एका वळणावर. बहिणीला कळा सुरू झाल्या तेव्हा भाऊ रात्री टॉर्च घेऊन टेकाडावर पळाला, गाडीवाल्याला फोन लागेपर्यंत तिथंच उभा. मला सरळ उपग्रहाला लागणारा फोन पाहिजे. आयफोन १४ ला २०२२ मध्ये ती सोय आली, पण मोजक्याच देशांत आणि संकटापुरती. मला साध्या स्वस्त फोनवर हवीय, नुसतं "पोचलो" कळवायलासुद्धा.

खणभागवाली
कृष्णाकाठ, मारुती चौकाच्या बाजूला का तुम्ही? माझी मावशी तिथंच. तिचं सगळं धान्य गेलं होतं त्या पुरात

कृष्णाकाठ
हो, चौकाच्या मागंच. मावशी आता बऱ्या आहेत ना?

खणभागवाली
बरी आहे. आता धान्य माळ्यावरच ठेवते

वायरलेस_मिरज
गच्चीवरून गच्चीवर बोलायचं तंत्र आहे हो. ब्लूटूथवर फोन-टू-फोन मेसेज जातात, पण अंतर थोडं, एका गल्लीपुरतं. लोरा नावाचं रेडिओ तंत्र आहे, कमी विजेवर काही किलोमीटर जातं, मधली यंत्रं निरोप पुढं ढकलत नेतात. आवाज नाही जात, अक्षरं जातात. पण पुरात अक्षरं पुरतात, तुमच्या पाटीनं दाखवलंच की. आज त्याला वेगळी डबी घ्यावी लागते. ती फोनच्या आतच आली पाहिजे, एवढंच माझं मागणं.

आणि २०२३ ला सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते आठवतंय? ती सरकारी इशाऱ्याची चाचणी होती. टॉवर एकाच वेळी भागातल्या सगळ्या फोनना मेसेज देतो, नंबर लागत नाही. धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठाला असंच, मराठीतून, किती क्युसेक आणि कुठल्या गल्लीपर्यंत, असं आलं पाहिजे.

पेठेतली_सून
ते वाजलं तेव्हा आमच्या सासूबाई देवघरातून धावत आल्या, घंटा कोण वाजवतंय म्हणून 😄

मला ओल्या हातानं चालणारा फोन पाहिजे. कणीक मळताना बाळाच्या शाळेचा फोन येतो, उचलताच येत नाही

तासगावकर
वहिनी, त्याचं कारण असं की आताची स्क्रीन दाब ओळखत नाही, बोटामुळं होणारा विजेचा बारीक बदल ओळखते. पाण्याच्या थेंबानंही तो होतो, म्हणून ती गोंधळते. बटणाचा फोन कणकेच्या बोटानं पण उचलला जायचा.

आमचं दुखणं वेगळं. द्राक्षबागेत दुपारी उन्हात स्क्रीन दिसतच नाही. पाऊस येऊन गेला की डाऊनी रोगाची फवारणी वेळेत पडली पाहिजे, हवामानाचा अंदाज फोनवरच बघायचा, तर हाताची सावली करून, डोळे बारीक करून वाचायचं. त्यात आईचं बोट. सगळं आयुष्य शेतात गेलं, ठसे झिजलेत. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, फोनचं लॉकही उघडत नाही. पुढच्या फोननं माणूस आवाजावरून ओळखावा. तिचा आवाज अजून खणखणीत आहे.

अजिंक्यतारा_पायथा
आवाजाचं म्हणाल तर आधी त्याला आपलं मराठी कळू द्या. आमचे आप्पा "म्हशीला वैरण टाकली का" बोलले की तो "बहरीन" लिहितो. "व्हय" कळत नाही, "न्हाय" कळत नाही. पुस्तकी बोललं तरच ऐकतो. आप्पांनी सत्तरी ओलांडल्यावर बोली बदलायची का?

वडगावची_लेक
मला उलटं पाहिजे. स्वतःहून गप्प बसणारा फोन. आमच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद, दीड तासानं परत भोंगा. माझं माहेर जवळच आहे. त्या वेळेत पोरं वाचतात, बायका ओट्यावर बसून बोलतात. फोनमध्येच तसं बटण द्या, घरातल्या सगळ्यांचे एकदम बंद होतील असं. इमर्जन्सीचा तेवढा वाजावा.

खणभागवाली
भोंगा आमच्या घरात पण पाहिजे. मिस्टर जेवताना रील बघतात

राजवाडा_रिपेअरिंग
साताऱ्यात रिपेअरिंगचं काउंटर आहे माझं, म्हणून लिहितो. बॅटरी काढता यावी हे मागणं अगदी बरोबर. आता बॅटरी आत गोंदानं चिकटवलेली असते, गरम करून मागची काच सोडवायची, जरा चुकलं की काच गेली. म्हातारी माणसं चांगला फोन टाकून देतात, कारण खर्च ऐकून परवडत नाही. युरोपात नियम झालाय, २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी द्यायची. आपल्याकडंही व्हावा. २००३ च्या नोकिया ११०० मध्ये बीएल-५सी बॅटरी होती, तीच कितीतरी मॉडेलला चालायची. आजही छोट्या रेडिओत तीच घालतात. एकच माप सगळ्यांनी धरलं तर पुरातसुद्धा शेजाऱ्याची बॅटरी घालून बोलता येईल.

बामणोलीकर
दादा, बीएल-५सी अजून मिळते का? वडलांचा ११०० कपाटात आहे, नंबर सगळे त्यातच

राजवाडा_रिपेअरिंग
मिळते. फोन घेऊनच या, फुगलेली जुनी बॅटरी आत असेल तर आधी काढून ठेवा. गुरुवारी बंद असतं.

पेठेतली_सून
आणि येताना सातारचे कंदी पेढे आणा कुणीतरी सांगलीला

अजिंक्यतारा_पायथा
आणतो, भडंग तयार ठेवा. तिखट.