अनुभव धागा: अभ्यासाच्या रात्री आणि एनर्जी ड्रिंक

कॉलेजबाहेरच्या गाड्यावर बर्फाच्या पेटीत आता लिंबू सोड्याच्या जोडीला एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या असतात. वीस रुपयांतही मिळतात. एप्रिलच्या उकाड्यात गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर मुलं ती तहान भागवायला पितात, आणि मला काळजी त्याचीच वाटते. परीक्षेच्या रात्री जाणूनबुजून घेतलेली बाटली वेगळी, पाण्यासारखी प्यालेली वेगळी.

नियम सांगून ठेवते. आपल्याकडे या पेयांत लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे 250 मिलीत जास्तीत जास्त 75. दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, ही सूचना लेबलवर असते, पण अक्षरं इतकी बारीक की कोणी वाचत नाही. तुम्ही कधी पिता, कशासाठी, घरचे काय म्हणतात? मोकळेपणाने लिहा.

एमएस्सी, रसायनशास्त्र, साखळी
आमच्या हॉस्टेलवर सेमिस्टरच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या टेबलावर एकेक असतेच. मी समजून उमजून पितो. थकवा साठत जातो तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन वाढतं आणि झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवतं, पण थकवा काही कमी होत नाही, फक्त कळत नाही. शिवाय निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्यातलं अर्धं पहाटे तीनला अंगात असतं. म्हणून संध्याकाळी सातनंतर मी घेत नाही. माझ्या रूममेटला हे पटत नाही. तो बाराला पितो आणि पेपरला डोळे चोळत जातो.

बीकॉम, पेडणे
सगळे परीक्षेचं बोलतात, मी कामाचं सांगतो. सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या हॉटेलात रात्रपाळी करतो. टेबलं आवरून, हिशेब देऊन घरी यायला दोन वाजतात, आणि सकाळची कदंबा बस चुकली तर पहिलं लेक्चर गेलं. फी मीच भरतो. शेवटचं गिऱ्हाईक उठायच्या आधी एक बाटली घेतो, कारण नंतर अंधाऱ्या रस्त्यावरून स्कूटर चालवायची असते. कामावरचे सगळेच घेतात. आई म्हणते, 'बाबा, तुझे हात कापतात, जेवलास काय?' बहुतेक वेळा जेवलेलो नसतो. रिकाम्या पोटी छाती धडधडते, हे मला कळतं. तरीही सोड म्हणणाऱ्याने आधी माझी पाळी कोण करणार ते सांगावं.

बीए, डिचोली
मला चव आवडते. महिन्यातून कधीतरी मैत्रिणींबरोबर घेते. कसलाच त्रास झालेला नाही.

फुटबॉलपटू, फोंडा
आमच्या सरांनी मॅचच्या दिवशी बंदी घातली आहे. पोरं स्पोर्ट्स ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक एकच समजतात. घामावाटे मीठ-पाणी जातं, ते कॅफीनने भरून येत नाही. वर काही ब्रँडांच्या 250 मिलीच्या डब्यात 27 ग्रॅम साखर असते. आम्ही मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी नेतो, कधी शहाळं.

नर्सिंग, तिसरं वर्ष
दारूत मिसळण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. पार्ट्यांत व्होडकाबरोबर चालतंच, आता उर्राकातही, म्हणजे काजूच्या दारूतही, ओततात. कॅफीनने दारू उतरत नाही. रक्तातली दारू तेवढीच राहते, फक्त पेंग जाते. माणसाला वाटतं, मी ठीक आहे, आणि तो चावी हातात घेतो. आपल्या अरुंद, वळणांच्या रस्त्यांवर हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. असा मित्र दिसला तर त्याची चावी काढून घ्या. रागावला तर रागावू दे. आणि कोणाला हृदयाचे ठोके चुकल्यासारखे वाटले, छातीत दुखलं, तर झोपून बरं होईल म्हणून थांबू नका, 108 ला फोन करा.

धागाकर्ती
पेडण्याच्या दादा, तुमचं वाचून माझा प्रश्नच बदलला. पाळीआधी हॉटेलात जेवण मिळतं का? मालकाकडे ते मागता येईल, एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. आणि तुमच्या बाजूला राहणारं कोणी त्याच वेळी सुटत असेल, तर एकाच स्कूटरवर दोघांनी आळीपाळीने चालवत यावं. रात्री काम करून शिकणारे आणखी कोण आहेत? तुम्ही जेवता कधी, झोपता कधी, तेही लिहा.