पोचलेल्या माणसासाठी प्रार्थना कशाला?

माहेरवाशीण_वसईची
काल २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. दरवर्षीसारखी माहेरी आले. कबर भावाने आधीच रंगवून ठेवली होती. झेंडूचा हार घातला, मेणबत्त्या लावल्या. वारा इतका, की एक पेटवेपर्यंत दुसरी विझायची. शेवटी आईने तळहाताचा आडोसा धरला आणि मेण तिच्या बोटांवर ओघळलं.

यंदा सासूबाई सोबत होत्या. त्या नगरच्या, प्रॉटेस्टंट. हार त्यांनीही घातला, पण फादर पाणी शिंपडत आले आणि प्रार्थना सुरू झाली, तशा त्या हळूच गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "अगं, तुझे पपा विश्वासात गेले ना? मग ते प्रभूजवळ आहेत. पोचलेल्या माणसाला मागून कसला धक्का देतेस?"

मला काही बोलता आलं नाही. पपांसाठी सातव्या दिवसाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, महिन्याची झाली, वर्षाची झाली. कशासाठी, हे कधी मनातही आलं नव्हतं. तुम्ही सांगा.

नगरी_ज्वारी
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय, असं इब्री लोकांस पत्राच्या ९व्या अध्यायात सरळ लिहिलंय. मध्ये थांबा नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं बघा. आयुष्यभर चोऱ्या, बाप्तिस्मा नाही, एक चांगलं काम नावावर नाही. त्याला येशू काय म्हणाला? "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." आधी शुद्ध होऊन ये, असं म्हणाला का?

आणि स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो म्हणतात त्या मधल्या जागेचा, कॅथलिकांच्या पर्गेटरीचा, धंदा कसा झाला, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पेटीत नाणं खणखणलं की आत्मा सुटला! १५१७ साली ल्यूथर, ज्याच्यापासून आम्ही प्रॉटेस्टंट निघालो, उगाच भडकला नव्हता.

सोपारा_लोकल
ल्यूथरचं नाव काढलंच आहे तर त्याचे ते ९५ मुद्दे एकदा वाचा. २७व्या मुद्द्यात तो नाण्याच्या खणखणाटावर तुटून पडतो, बरोबर. पण त्याच यादीत पर्गेटरी आहे हे तो धरूनच चालतो. ती त्याने नाकारली ती पुढे, १५३०च्या सुमाराला. क्षमापत्रांचा, म्हणजे पैसे घेऊन शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांचा, बाजार वाईटच होता. आमच्याच चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये त्यातल्या गैरप्रकारांवर बोट ठेवलं. पण म्हणून मूळ गोष्टच खोटी?

ताई, पर्गेटरी म्हणजे नरकाची बाहेरची खोली नव्हे, आणि दुसरी संधीही नव्हे. तिथे जाणाऱ्याचं तारण झालेलंच असतं. प्रश्न एवढाच, की आपण जसे मरतो तसेच, कुढे, रागीट, हिशेबी, देवासमोर उभे राहणार का? करिंथकरांस पहिल्या पत्रात, ३ऱ्या अध्यायात पौल म्हणतो, काम जळून जाईल, माणूस वाचेल, पण जणू आगीतून. पोप बेनेडिक्टांनी २००७ च्या परिपत्रकात या आगीबद्दल काही धर्मपंडितांचं मत मांडलंय, की ती आग म्हणजे ख्रिस्तच, त्याची नजरच जाळते आणि बरं करते. मला तरी ते पटतं.

बाकी, मृतांसाठी प्रार्थना मध्ययुगात कोणी शोधून काढली नाही. ३८७ साली ऑस्टियाला मरणाच्या दारात असलेल्या मोनिकेने मुलाला, म्हणजे संत ऑगस्टीनला, एवढंच मागितलं होतं की देह कुठेही पुरा, वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

नगरी_ज्वारी
आता तुमच्या बायबलातल्या मक्काबीच्या पुस्तकावर याल, म्हणून आधीच सांगतो. यहूदा मक्काबी या सेनापतीने मेलेल्या सैनिकांसाठी २,००० रुप्याची नाणी यरुशलेमला पाठवली, ठीक. पण ते सैनिक मेले कसे? अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत बांधून! तुमच्याच हिशेबाने हे मरणप्राय पाप. त्याला पर्गेटरी लागू होत नाही, थेट खाली. तोच दाखला तुमच्या अंगावर येतो. शिवाय ते पुस्तक आमच्या बायबलात नाहीच.

आणि मिस्सेचे पैसे अजून घेता ना?

सोपारा_लोकल
ताईतांचा मुद्दा चोख आहे, मानतो. पण यहूदाने प्रार्थना केली ती पुनरुत्थानाची आशा धरून, आणि आम्हाला तिथे तेवढंच हवं आहे. पैशाचं म्हणाल तर ते दान. गरिबाची मिस्सा काहीही न घेता करावी, असं चर्चच्या कायद्यातच आहे. कोणी अडून बसत असेल तर तो त्याचा दोष.

शनिवारचा_विसावा
दोघेही उगाच भांडताय. कोणी कुठे गेलेलंच नाही. उपदेशकात ९:५ ला स्पष्ट आहे, मेलेल्यांना काहीच कळत नाही. ते झोपलेत. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हा उठतील. त्या चोराचं म्हणाल तर मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. "मी तुला आज सांगतो, तू माझ्याबरोबर असशील" असंही वाचता येतं. आम्ही ॲडव्हेंटिस्ट, शनिवार पाळणारे ख्रिस्ती, तसंच वाचतो.

नगरी_ज्वारी
एका स्वल्पविरामावर अख्खा स्वर्ग पुढे ढकललात की! मग लूकच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत माणूस अधोलोकात पाणी मागतो, तो काय झोपेत बरळतोय?

शनिवारचा_विसावा
तो दाखला आहे. दाखल्यावरून नकाशा काढत नाहीत.

पिंपळाखाली
मी हिंदू, मध्येच बोलतो. आम्ही पितृपक्षात कावळ्याची वाट बघतो, तुम्ही वाऱ्यात मेणबत्ती धरता. फरक काय?

सोपारा_लोकल
फरक आहे. आमच्याकडे गेलेला परत जन्म घेत नाही, त्याला भूक लागत नाही, आणि आपण विसरलो तर तो पाठीही लागत नाही. आई मात्र दोन्हीकडे सारखीच बोटं भाजून घेते.

माहेरवाशीण_वसईची
सगळ्यांचं वाचलं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. चोराच्या मुद्द्यावर त्या खूश. ताईतांवर तर टाळीच दिली. मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता, विचारलं, "बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळाचं काय म्हणतात गं तुमचे फादर?" ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. चार दिवस जगली. हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी, काल कळलं.

सोपारा_लोकल
पूर्वी अशा बाळांसाठी लिंबो नावाची जागा सांगायचे. ना दुःख, ना देवाचं दर्शन. पण तो आमचा ठरलेला सिद्धांत कधीच नव्हता. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या मंडळाने लिहिलं, की अशा बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. खात्री आहे, असं म्हटलेलं नाही. आशा म्हटलंय.

नगरी_ज्वारी
आईंना सांगा, आमच्याकडे लिंबो कधी नव्हताच. दावीद आपल्या मेलेल्या लेकराबद्दल म्हणाला होता, मी त्याच्याकडे जाईन. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, १२वा अध्याय.

माहेरवाशीण_वसईची
दोन्ही वाचून दाखवलं. दावीदाचं पुन्हा वाचायला लावलं. आता विचारताहेत, पुढच्या वर्षी मेणबत्ती काचेच्या चिमणीत लावली तर चालेल का, वारा फार असतो.