मदत हवी आहे: १ मेगावॉट सामुदायिक सौर प्रकल्पाची वीज महावितरणला द्यावी की सभासदांना?

शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, ३३/११ केव्ही उपकेंद्रालगत पाच एकर पडीक जमीन आहे. वर्षाला साधारण १५-१६ लाख युनिट धरले आहेत.

केंद्राच्या कुसुम योजनेच्या घटक 'अ'मध्ये (शेतकऱ्यांच्या जमिनीवरचे छोटे सौर प्रकल्प) महावितरणशी २५ वर्षांचा करार होतो, दर ठरलेला राहतो. हा मार्ग सरळ आहे. दुसरा मार्ग ओपन अ‍ॅक्सेसने, म्हणजे शुल्क भरून महावितरणच्या तारांवरून, सभासदांच्याच डाळमिल आणि शीतगृहाला वीज देण्याचा. प्रकल्प कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरासाठीचा) ठरायला वीज वापरणाऱ्यांचे किमान २६ टक्के भांडवल आणि वर्षाच्या विजेपैकी ५१ टक्के वापर लागतो. सहकारी संस्थेत ही अट सर्व सभासदांची मिळून मोजतात, म्हणून कंपनी काढण्यापेक्षा संस्थाच बरी. पण वापर ५१ टक्क्यांखाली गेला तर पूर्ण वर्षाच्या विजेवर क्रॉस-सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेची भरपाई म्हणून घेतात तो जादा आकार) बसतो, आणि डाळमिल हंगामी आहे. खरी काळजी तीच.

हंगामी ग्राहक असताना ५१ टक्के कसे सांभाळता? शीतगृहासारखे बारमाही सभासद किती भाराचे घेतलेत? शिवाय ११ केव्ही लाइन बंद पडली की पॅनेलची वीज लाइनमध्ये सोडणारे इन्व्हर्टरही थांबतात. त्या बुडालेल्या युनिटांची भरपाई करारात कोणी लिहून घेतली आहे का? कलमाचा मजकूर मिळाला तर फार मदत होईल.