वॉल्कोविट्झची इझाडोरा

एकाच नर्तिकेची हजारो चित्रं काढणं म्हणजे निव्वळ नाद, तेच तेच गिरवणं, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. चित्रकार एब्रहम वॉल्कोविट्झ सायबेरियात जन्मला आणि लहानपणीच आईबरोबर न्यूयॉर्कला आला. १९०६ मध्ये पॅरिसला शिल्पकार रोदँच्या स्टुडिओत त्याची या नर्तिकेशी, इझाडोरा डंकनशी, गाठ पडली. पुढे त्याने तिची ५००० हून अधिक चित्रं केली. त्यातली चारपाच शेजारी शेजारी ठेवून बघा. चेहरा बहुतेक वेळा कोराच, नाक-डोळे नाहीतच. मानेवरून निघालेली रेघ खांद्यावरून उचललेल्या गुडघ्यापर्यंत एका दमात उतरते, आणि सैल झग्यावर जलरंगाचा पातळसा हात. पाय अनवाणी, कारण ती नाचायचीच तशी. प्रत्येक चित्रात तोल वेगळ्या ठिकाणी आहे, मग ‘तेच तेच’ कसं म्हणायचं? १९२७ मध्ये ती गेली, त्यानंतरही तो तिला काढत राहिला, म्हणजे अर्थात आठवणीतूनच. (केवढी ती नजर!) शिवाय तिच्या नाचाचं चित्रीकरण जवळजवळ उपलब्धच नाही. ती हलायची कशी हे समजून घ्यायचं, तर हे कागद फार मोलाचे आहेत.